पक्ष्यांच्या आवाजाला किती अचूक घड्याळ लागतं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: रात्री जीपीएस उपग्रहांच्या वेळेशी बांधलेली घड्याळं, त्यांना ठोका देणारा क्रिस्टल आणि ते ठोके मोजणारा काउंटर यांच्याशी खटपट, सकाळी आसपासचे पक्षी बघणं; दोन्हींना वेळ पुरत नाही, तर एक छंद सोडावा का, की कुठे मेळ बसतो?

सोडू नका. मलाही हीच दोन वेडं आहेत, आणि ती एकमेकांना भेटतात ती आवाजात. दुर्बिणीतून पक्षी बघताना कुठलंही मनगटी घड्याळ चालतं. पहाटे कोण आधी गायला लागतं, दयाळ की बुलबुल, एवढंच टिपायचं असेल तर मिनिटाची अचूकताही भरपूर झाली. पण दाट पानांत बसलेला पक्षी नेमका कुठून ओरडतोय हे चार माइक लावून, आवाज कुठल्या माइकला किती उशिरा पोचला यावरून शोधायला निघालात, की घड्याळाची चूक थेट मीटरमध्ये दिसू लागते.

हिशोब सोपा आहे. २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. साध्या रेकॉर्डरमधला क्रिस्टल १०-२० पीपीएम (दहा लाखांत १०-२० भाग) इकडे-तिकडे असणं अगदी नेहमीचं. दोन रेकॉर्डर एकाच क्षणी सुरू केले आणि त्यांच्यात २० पीपीएमचा फरक असला, तर तासाभरात ते ७२ मिलिसेकंदांनी फाकतात. आवाजाच्या भाषेत हे झाले जवळजवळ २५ मीटर. आंब्यावरचा तांबट तुमच्या नकाशात भलत्याच झाडावर जाऊन बसतो.

यावरचा माझा आवडता उपाय स्वस्त आहे. स्टिरिओ रेकॉर्डरच्या डाव्या चॅनेलला माइक, उजव्याला जीपीएस मॉड्यूलचा सेकंदाला एक येणारा विजेचा ठोका (पल्स), म्हणजे आपला पीपीएस. पल्स बहुधा ३.३ व्होल्टचा असतो, तो रेझिस्टरच्या जोडीने काही मिलिव्होल्टवर आणायचा. रेकॉर्डरच्या इनपुटला कपॅसिटर असल्यामुळे चौकोनी पल्स फाइलमध्ये चौकोनी दिसत नाही. चढत्या कडेला एक टोक आणि उतरत्या कडेला उलटं टोक दिसतं. मोजायची चढती कड (मॉड्यूल उलटी कड देत नाही ना, हे एकदा ऑसिलोस्कोपवर बघून घ्या). आता चढत्या कडेच्या दर दोन टोकांमध्ये किती नमुने (रेकॉर्डरने आवाजाची घेतलेली एकेक मोजणी) पडले ते मोजा. रेकॉर्डरवर लिहिलेलं असतं सेकंदाला ४८,०००. काही मिनिटांची सरासरी काढली की ४८,०००.७ असं काहीतरी निघतं, आणि फाइल थंड पहाटेपासून उन्हापर्यंत चालली असेल तर हा आकडा हळूहळू सरकताना दिसतो. मला तर कधीकधी पक्ष्यापेक्षा हा आलेखच जास्त वेळ बघावासा वाटतो. पल्सची पातळी जास्त ठेवलीत तर तो माइकच्या चॅनेलमध्ये झिरपतो आणि स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या वारंवारतेच्या चित्रावर) दर सेकंदाला एक उभी रेघ येते. मग पातळी आणखी खाली आणायची. एक लक्षात असू द्या: पल्स सेकंद कुठे सुरू झाला ते सांगतो, तो कितवा सेकंद हे सांगत नाही. म्हणून सुरुवातीला माइकपाशी वेळ मोठ्याने बोलून ठेवायची.

इथे आपल्या घड्याळवेड्या जमातीचे हात शिवशिवतात: मग रुबिडियमचं अणुघड्याळ का नको, एकाच तापमानाच्या ओव्हनमध्ये ठेवलेला क्रिस्टल का नको? घ्या हौस म्हणून, पण पक्ष्यांसाठी ती नसती उठाठेव आहे. साध्या मॉड्यूलचा पल्स वीस-तीस नॅनोसेकंदांपर्यंत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) बरोबर असतो. ३० नॅनोसेकंदांत आवाज जातो एक शतांश मिलिमीटर. ४८ किलोहर्ट्झला तुमचा एक नमुनाच सात मिलिमीटरचा. घड्याळ हा भाग एव्हाना सुटलेला असतो, चुका दुसरीकडे असतात.

पहिली चूक माइकच्या जागेची. ज्या जीपीएसने वेळ इतकी झकास दिली, तेच जागा सांगताना सहज दोन-चार मीटर चुकतं. तेव्हा माइकमधली अंतरं टेपने मोजा, कर्णसुद्धा. दुसरी तापमानाची: एका अंशाला आवाजाचा वेग साधारण ०.६ मीटरने बदलतो, म्हणजे ५० मीटरवर नऊ सेंटिमीटर. सावलीत टांगलेला थर्मामीटर इथे रुबिडियमपेक्षा उपयोगी. वारा वाहता असेल तर त्या दिवशी नादच सोडा.

तिसरी गोष्ट पक्ष्याच्या हातात. वेळेतला फरक काढायला दोन माइकच्या फायली एकमेकींवर सरकवून जुळवताना खरखरीत, तुटक आवाज पटकन जुळतो. एकसुरी लांब शिट्टी मात्र प्रत्येक आवर्तनाला जुळल्यासारखी वाटते. एक किलोहर्ट्झच्या सुरात एक आवर्तन चुकलं की ३४ सेंटिमीटर गेले. सपाट मैदानावरचा पक्षी शोधायला तीन माइक पुरतात, झाडातली उंचीही हवी असेल तर किमान चार, आणि त्यातला एक बराच वर टांगलेला.

नुसत्या घड्याळावर पक्ष्याचा ठावठिकाणा काढायची आणखी एक रीत आहे, ती आपल्या आवाक्याबाहेरची असली तरी वाचण्यासारखी. जिओलोकेटर नावाचं एक-दीड ग्रॅमचं यंत्र पक्ष्याच्या पायाला लावतात. ते फक्त उजेड आणि वेळ नोंदवतं. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश, मध्यान्हाच्या वेळेवरून रेखांश. घड्याळ चार मिनिटं चुकलं तर रेखांश एका अंशाने चुकतो, विषुववृत्तावर १११ किलोमीटर. २०१० साली ग्रीनलंड आणि आइसलँडच्या आर्क्टिक सुरय पक्ष्यांचा वर्षाचा सरासरी ७० हजार किलोमीटरचा प्रवास याच यंत्राने उघड झाला.

आणि गव्हाणी घुबडाबद्दल वाचाच. दोन कानांत आवाज पोचण्यातला काही मायक्रोसेकंदांचा फरक ते ओळखतं. मेंदूत अशा कामाला डिले लाइन, म्हणजे संदेशाला ठरावीक उशीर लावणाऱ्या वाटा, असाव्यात अशी कल्पना मानसशास्त्रज्ञ लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये मांडली. मेंदूचे अभ्यासक मासाकाझू कोनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात घुबडाच्या मेंदूत तशी रचना दाखवली. चेतातंतूची लांबी हाच विलंब. सिग्नलला हवा तेवढा उशीर लावायला आपण केबल मापात कापून जे करतो तेच.

सुरुवात दोन रेकॉर्डर आणि दोन मॉड्यूलनी करा. पक्षी नंतर, आधी मोकळ्या जागेत, दोन माइकना जोडणाऱ्या सरळ रेषेवर त्यांच्या मध्ये टाळी वाजवून बघा: टाळीची जागा तुम्हाला माहीत असते, त्यामुळे हिशोब चुकला तर लगेच कळतं. टाळीची जागा अर्ध्या मीटरच्या आत येऊ लागली की मग चार माइक घेऊन झाडाखाली जा. घरट्याजवळ मात्र माइक लावू नका, आणि मोजणीत घरट्याची जागा निघालीच तर ती कुठे जाहीर करू नका.