फुले येतात, पण फळ धरत नाही

प्रश्न : आम्ही टोरोंटोत राहतो. ऑक्टोबरच्या आरंभी ‘मायक्रो टॉम’ आणि ‘रेड रॉबिन’ या बुटक्या टोमॅटोचे बी घरात लावले. कुंड्या दक्षिणेकडच्या खिडकीत आहेत. रेड रॉबिनची रोपे काचेकडे कलून लांबट झाली असून फुले येतात, पण गळून पडतात. गावाकडे टोमॅटोची बगलफूट (पानाच्या बगलेतून फुटणाऱ्या फांद्या) काढतात, तशी येथे काढावी का? – एक वाचक

उत्तर : बगलफूट मुळीच काढू नये. या जाती ठरावीक उंचीवर थांबतात आणि फुलांचे घोस बाजूच्या फांद्यांवरही येतात. त्या खुडल्या, तर पीकच खुडले जाते.

आपली खरी अडचण उजेडाची आहे. महाराष्ट्रात हिवाळा हा टोमॅटोचा उत्तम हंगाम, कारण थंडी सौम्य असते आणि ऊन भरपूर मिळते. टोरोंटोत मात्र डिसेंबरचा दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो आणि तोही बहुधा ढगाळ. तेवढ्या प्रकाशात रोप जगते, पण फळ पोसण्याइतके अन्न त्याला तयार करता येत नाही. म्हणून झाडाच्या शेंड्यापासून साधारण 15 ते 20 सेंटिमीटर उंचीवर पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी दिवा टांगावा आणि टायमर लावून तो रोज 14 ते 16 तास चालू ठेवावा. चोवीस तास मात्र ठेवू नये. अंधाराची विश्रांती न मिळाल्यास टोमॅटोची पाने पिवळी पडू लागतात.

दुसरे कारण परागीकरणाचे आहे. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, परंतु पराग पिवळ्या सुळक्यासारख्या नळीत कोंडलेले असतात आणि ते झडण्यासाठी फुलाला हादरा बसावा लागतो. बाहेर हे काम वारा आणि भुंगे करतात. बंद घरात ते आपणच करायचे. फूल पूर्ण उमलून पाकळ्या मागे वळल्या की दुपारच्या सुमारास विजेच्या दातब्रशची मागची बाजू घोसाच्या देठाला क्षणभर टेकवावी. प्रत्येक फुलाच्या स्वतःच्या देठाच्या मध्यावर एक फुगीर पेर दिसते. फळ न धरलेले फूल नेमके तिथूनच तुटते. फळ धरले, तर पाकळ्या सुकतात आणि त्यांच्या मागे मोहरीएवढा हिरवा मणी फुगू लागतो. तो पाहण्याचा आनंद आपल्याला लवकरच मिळावा, अशी मनापासून इच्छा आहे.

रात्रीचे तापमान 16 अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. त्यासाठी कुंडी थंड काचेपासून हातभर आत ओढावी, पण हीटरच्या झोतातही ठेवू नये, कारण कोरड्या हवेत पराग नीट चिकटत नाहीत आणि लाल कोळी ही कीडही वाढते. वरची माती बोटभर सुकल्यावरच पाणी द्यावे. नत्रयुक्त खताचा हात आखडता ठेवावा, नाहीतर नुसता पाला माजतो.

मायक्रो टॉम ही जात फ्लोरिडा विद्यापीठाने 1989 मध्ये शोभेचे झाड म्हणून प्रसृत केली, त्यामुळे चवीची फार अपेक्षा ठेवू नये. खाण्यासाठी मी रेड रॉबिनच निवडीन. फळांचा पहिला बहर संपला की ही झाडे लवकर थकतात. त्यासाठी जानेवारीत दिव्याखाली थोडे नवे बी टाकून ठेवावे.