मिमिक्री येते, तेवढ्यावर रेडिओ आणि स्टँड-अपमध्ये करिअर होईल का?

तुम्ही विचारलंय, मित्रांमध्ये दहा-बारा जणांचे आवाज काढता येतात, तर त्यावर पोट भरेल का. भरतं. मी बरीच वर्षं रेडिओ आणि स्टेज दोन्ही करतोय. पण आवाज हुबेहूब निघणं हा त्यातला सोपा भाग.

स्टेजवर मान जरा तिरकी केली, चष्मा सावरला, की लोक ओळखतात आणि कच्चा आवाजही खपून जातो. रेडिओवर हे काहीच नाही. पहिल्याच वाक्याला माणूस ओळखू यावा लागतो. एका नेत्याची नक्कल मला महिनाभर साधत नव्हती. पट्टी बरोबर, शब्दही त्यांचेच, तरी ते 'ते' वाटेनात. भाषणं डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकली, तेव्हा लक्षात आलं की ते वाक्य संपल्यावर थांबतच नाहीत. थांबतात क्रियापदाच्या आधी, आणि तिथे नाकाने श्वास घेतात. तो श्वास उचलला आणि माणूस उभा राहिला.

पीटर सेलर्स या ब्रिटिश विनोदी नटाने १९४८ साली बीबीसीचे निर्माते रॉय स्पीअर यांना फोन केला, तो केनेथ हॉर्न या तेव्हाच्या रेडिओस्टारच्या आवाजात, आणि स्वतःचीच शिफारस केली. मग खरं सांगून टाकलं, काम मिळालं. मला इथे आवाजापेक्षा हजरजबाबीपणा मोठा वाटतो. समोरचा काय विचारेल हे माहीत नसताना दुसऱ्याच्या डोक्याने उत्तर द्यायचं!

स्टँड-अपचं गणित मात्र वेगळं आहे. सुरुवातीला माझ्या प्रत्येक आवाजाला टाळ्या पडायच्या, आणि मी माझ्या आवाजात बोलायला लागलो की हॉल थंड. ते फार लागलं होतं. आवाज होते, पण माझं म्हणणंच नव्हतं. शिवाय ज्याची नक्कल करता तो माणूस बातम्यांतून गेला की तुमचा अर्धा सेट, म्हणजे स्टेजवर सादर करायचा मजकूरही जातो. म्हणून रोज लिहा, ओपन माइकला, म्हणजे नवख्यालाही स्टेज मिळतो अशा कार्यक्रमांना जा, आणि निदान पाच मिनिटं एकही आवाज न काढता हसवून बघा.

घसा जपा. खरखरीत आवाज घशावर जोर देऊन काढत असाल तर आजच थांबवा. मला त्यापायी काही आठवडे गप्प बसावं लागलं होतं.

आत्ता एवढंच करा: तुमचा सगळ्यात चांगला आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि तुम्हाला कधीच न पाहिलेल्या कुणाला तरी, नाव न सांगता, ऐकवा.