वर्डमध्ये मराठी: वाचकांचे प्रश्न

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे जुने लेख कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. माझ्या लॅपटॉपवर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. सगळं पुन्हा टाइप करायचं का? (रामबाग, इंदूर)

मुळीच नाही. कृतिदेवच्या फाइलमध्ये साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच. त्यांना देवनागरीचं रूप फॉन्ट देतो. ‘कमल’ हा शब्द तिथे डी, ई, वाय असा असतो. फॉन्ट नसला की तीच अक्षरं उघडी पडतात, त्यामुळे मजकूर निवडून मंगल फॉन्ट लावल्यानं काहीच होत नाही. कृतिदेवमधून युनिकोडमध्ये (देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत) नेणारा कन्व्हर्टर वापरा. त्याआधी लेखातले खरे इंग्रजी शब्द आणि ईमेलचे पत्ते बाजूला काढून ठेवा, नाहीतर त्यांचीही देवनागरी होऊन बसते. मग ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. कृतिदेवमध्ये ही वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये बरोबर उलट. म्हणून ‘धार्मिक’, ‘कार्तिक’ असे दोन्ही असलेले शब्द हमखास बिघडतात. मूळ फाइल मात्र पुसू नका. शंका आली तर ताडून बघायला तीच लागते.

शीर्षकाच्या स्टाइलमध्ये साइझ 18 केला, इंग्रजी शब्द मोठे झाले, मराठी तसंच राहिलं. शिवाय मात्रा वरून कापल्या जातात. (सुदामानगर, इंदूर)

देवनागरीला वर्ड ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिचा फॉन्ट, साइझ, ठळकपणा वेगळा ठेवतो. स्टाइलवर राइट क्लिक, मॉडिफाय, खाली फॉरमॅट, त्यात फॉन्ट. तिथल्या कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स भागातही 18 भरा. हा भाग दिसतच नसेल तर ऑफिसच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडून वर्ड बंद करून उघडा.

मात्रा कापतं ते लाइन स्पेसिंग. ‘एक्झॅक्टली’ निवडलं की ओळीची उंची जखडली जाते आणि वरच्या मात्रांना जागा उरत नाही. ‘मल्टिपल’ निवडून 1.15 ठेवा.

हिंदी टायपिंग शिकलोय. ‘आचाऱ्यांना’ लिहायला गेलो की ‘आचार्यांना’ होतं.

इन्स्क्रिप्ट या कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग ‘य’ची कळ. हे तपासाच, स्वयंपाक्याचे आभार आचार्यांच्या नावे छापले जाऊ नयेत.

देणगीदारांच्या नावांपुढच्या रकमा स्पेस देऊन कितीही जुळवल्या तरी वाकड्याच छापतात.

प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, त्यामुळे स्पेसनं त्या कधीच जुळणार नाहीत. नाव आणि रक्कम यांच्यामध्ये सगळ्या स्पेस काढून एकच टॅब द्या. पूर्ण यादी निवडा, पॅराग्राफच्या चौकटीत खाली ‘टॅब्ज’ आहे. ए-5 कागद 14.8 सेंमी रुंद. दोन्हीकडे 2 सेंमी समास सोडला तर 10.8 उरतात. तोच आकडा भरा (रुलर इंचात असेल तर 4.25), अलाइनमेंट राइट, लीडर 2, मग ‘सेट’ आणि ओके. ‘सेट’ दाबल्यावरच टॅब यादीत चढलेला दिसतो. नाव आणि रकमेत ठिपक्यांची ओळ आपोआप येते, आणि उद्या एखादं नाव वाढलं तरी रकमा जागच्या हलत नाहीत.