आउटरीचचे आकडे लिहिताना जरा जपून

अरे एफटीसीचं (फर्स्ट टेक चॅलेंज, फर्स्ट या संस्थेची शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा) पहिलंच वर्ष ना तुमचं, मग हे आत्ताच ऐक. पोर्टफोलिओत, म्हणजे जजना द्यायच्या टीमच्या कामाच्या पुस्तिकेत, कव्हर सोडून जास्तीत जास्त 15 पानं मिळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त थापा आउटरीचच्या, म्हणजे लोकांपर्यंत रोबोटिक्स पोचवायच्या कामाच्या, पानावर असतात. गणपतीच्या मांडवात रोबोट ठेवला आणि दर्शनाला आलेली अख्खी गर्दी 'रीच' (आपण जिच्यापर्यंत पोचलो ती माणसं) म्हणून लिहून टाकली, असं चालतं लोकांचं, पण जज काही खुळे नसतात, ते सरळ विचारतात की यातल्या किती जणांशी तुम्ही बोललात, आणि मग जो पोरगा त्या दिवशी आलाच नव्हता तो ततपप करायला लागतो.

दुसऱ्या टीमबद्दल 'टीम सुरू केली', 'मेंटॉर केलं' (मार्गदर्शन केलं) हे तर फारच जपून. एफआरसीच्या (फर्स्टचीच मोठ्या रोबोटांची स्पर्धा) इम्पॅक्ट अवॉर्डसाठी फर्स्टने या शब्दांच्या व्याख्याच दिल्यात, समोरच्या टीमलाही ते मान्य असावं लागतं. तुम्ही एफटीसीत असलात तरी तीच फूटपट्टी लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर वायरिंगचे दोन डाऊट सोडवले तर ती मदत झाली, मदत असंच लिहा, त्यात कमीपणा कसला?

एक शीट ठेवा, कार्यक्रम झाला की त्याच संध्याकाळी भरायची, कुठे होता, कोण कोण गेलेलं, किती मुलांनी खरंच रोबोट चालवायचा गेमपॅड हातात घेतला, कुठल्या सरांशी बोलणं झालं. इन्स्टाचे व्ह्यूज वेगळ्या रकान्यात, माणसांत मिळवायचे नाहीत. वर्कशॉप दोन टीमनी मिळून घेतलं तर दुसऱ्यांचंही नाव टाका (हे भले भले खातात). आणि आकडा अंदाजे असेल तर 'अंदाजे' लिहा, कोच कितीही म्हणोत थोडा वाढवून टाक म्हणून.