ताप उतरला, पण माणूस भानावर नाही : मेंदूज्वराविषयी वाचकांचे प्रश्न

विषाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराबद्दल आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीची त्याच्यावरच उभी आहेत.

माझ्या मेव्हण्यांना हर्पिसचा मेंदूज्वर झाला. दुसऱ्या तपासणीत विषाणू सापडला नाही, तरी मेंदूला सूज आहे आणि विसराळूपणा राहू शकतो, असं सांगतात. विषाणू गेला तर नुकसान कोण करतंय? आणि सूजच असेल तर स्टेरॉइड का देत नाहीत? (खानापूर)

नुकसान दोघं मिळून करतात. आधी विषाणू आणि मागोमाग आपलीच प्रतिकारशक्ती.

हर्पिस सिम्प्लेक्स-१ म्हणजे ओठावर फोड उठवणारा विषाणू. तो पुष्कळ लोकांच्या शरीरात असतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. क्वचित एखाद्याच्या मेंदूत शिरतो आणि बहुधा कानशिलाच्या आतल्या भागात, म्हणजे टेम्पोरल लोबमध्ये, ठाण मांडतो. नवी आठवण साठवणं, शब्द सुचणं ही कामं या भागाची. म्हणून असा रुग्ण तापात नुसता ग्लानीत नसतो. तो घरच्यांना ओळखत नाही, नसलेला वास येतो म्हणतो, असंबद्ध बोलतो. घरचे 'बाहेरचं लागलं' म्हणून देवऋषाकडे नेतात आणि मोलाचे दोन दिवस तिथेच जातात.

विषाणू चेतापेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो आणि पेशी मरते. हे पहिलं नुकसान. मेंदूतल्या पहारेकरी पेशी, मायक्रोग्लिया, हे ओळखतात आणि इंटरफेरॉन, इंटरल्युकिन-६ यांसारखी संदेशद्रव्यं सोडतात. त्यामुळे एरवी घट्ट असलेले रक्तवाहिन्यांच्या आवरणातले सांधे सैल पडतात. रक्तातलं पाणी आणि पांढऱ्या पेशी मेंदूत झिरपतात. त्या बाधित चेतापेशींना मारतात, आणि मेलेल्या चेतापेशींची जागा नव्या पेशी भरून काढत नाहीत. शिवाय ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य वेळेवर उचललं जात नाही. ते साचलं की शेजारच्या धडधाकट पेशीही अतिउत्तेजित होऊन मरतात आणि झटके येतात. झटक्यात मेंदूला जास्त प्राणवायू लागतो, नेमका तेव्हाच श्वास बिघडलेला असतो.

दुसरीकडे, कवटी हा बंद डबा आहे. सूज वाढली की आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे येणारं रक्त कमी होतं. विषाणू आटोक्यात आल्यावरही हे चक्र काही दिवस चालू राहतं. आणि जी पेशी मेली ती मेलीच. मेव्हण्यांचा विसराळूपणा या दोन्हींमुळे आहे. मात्र सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणेला वाव असतो.

स्टेरॉइडबद्दल. सूज दिसली की स्टेरॉइड द्या, इतकं हे सरळ नाही. जपानी मेंदूज्वरात डेक्सामेथॅसोन हे स्टेरॉइड देऊन चाचणी झाली, फायदा दिसला नाही. हर्पिसमध्येही ते सरसकट देत नाहीत. याउलट, विषाणूचा ताप येऊन गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी फक्त प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते, तो एडीईएम नावाचा आजार. त्यात शिरेतून मोठ्या मात्रेत तीन ते पाच दिवस दिलेलं मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हाच मुख्य उपाय. रेबीजचं उदाहरण आणखी बोलकं आहे. त्यात मेंदूची सूज तुलनेनं थोडीच असते, तरी रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, कारण विषाणू चेतापेशींचं कामच बिघडवतो.

वडिलांच्या पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात. त्यानं कंबर कायमची जाते असं सगळे सांगतात. नकार द्यावा का? (निपाणी)

नकार देऊ नका. मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मध्ये घालतात. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं हे पाणी शरीरात एकूण दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं आणि तासाला साधारण २० मिलिलिटर नवं तयार होतं. तपासणीला घेतलेले पाच-दहा मिलिलिटर अर्ध्या तासात भरून निघतात. काहींचं डोकं नंतर दोन-चार दिवस दुखतं, आडवं पडलं की कमी होतं.

हे पाणी नेमकं काय सांगतं? विषाणू असेल तर लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि साखर बहुधा नेहमीसारखी राहते. जिवाणू किंवा क्षय असेल तर साखर घटते. ती रक्तातल्या साखरेशी ताडून पाहायची असते, म्हणून त्याच वेळी रक्तातली साखर तपासली का, हे विचारा. वडिलांना मधुमेह असेल तर आवर्जून. क्षयाच्या मेंदूज्वराचा उपचार पूर्ण वेगळा आहे, आणि आपल्याकडे तो दुर्मीळ नाही.

डॉक्टरांनीच थांबायला सांगितलं तर मात्र घाई करू नका. शुद्ध हरपली असेल किंवा एक बाजू लुळी पडली असेल तर आधी स्कॅन करतात. प्लेटलेट फार कमी असतील तरी थांबतात.

आमच्याकडची माणसं काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरीकडे बागांत कामाला जातात. एकाचा ताप आठवड्यानं उतरला आणि पुन्हा चढला. हा माकडताप असेल का? (जांबोटी)

शंका रास्त आहे. कन्नड शेजारी ज्याला 'मंगन कायिले' म्हणतात तोच हा आजार. १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात साथ आली. गोचिडीच्या चाव्यातून होतो. हंगाम साधारण डिसेंबर ते मे.

ताप दोन टप्प्यांत येऊ शकतो. आधी आठवडाभर जोराचा ताप, अंग मोडून काढणारी दुखणी, कधी हिरड्यांतून रक्त. मग बरं वाटतं. दहातल्या एखाद-दोघांना आठ-पंधरा दिवसांनी ताप परततो. त्या वेळी डोकं असह्य दुखणं, मान ताठणं, हात थरथरणं, बरळणं दिसलं तर मेंदूची आवरणं सुजलेली असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि कुठल्या जंगलात, कधी काम केलं ते सांगा. ते सांगितलं नाही तर तपासणी डेंग्यूचीच होते. पहिल्या आठवड्यात पीसीआर (विषाणूचा अंश शोधणारी चाचणी), नंतर अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीनं तयार केलेली प्रथिनं) तपासतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल.

कामावर जाताना पायजमा मोज्यांत खोचा आणि आरोग्य खात्याकडून मिळणारं डेपा तेल उघड्या अंगाला लावा. परतल्यावर गरम पाण्यानं साबण लावून अंघोळ करा. काखा, जांघा आणि कानामागं चाचपून पाहा. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, नखांनी चिरडू नका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

तापात लेकाला झटका आला. सासूबाईंनी नाकाला कांदा लावला. बरोबर होतं का? (संकेश्वर)

कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचाही नको. मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि घड्याळ बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापाचे झटके बहुधा दोन-तीन मिनिटांत थांबतात. तासाभरात मूल आईला ओळखून नेहमीसारखं वागू लागतं. पाच मिनिटं उलटली, एकाच बाजूला झटका आला, दिवसभरात दुसऱ्यांदा आला किंवा नंतर मूल सुस्तच राहिलं, तर १०८ ला फोन करा.

हर्पिसवर एसायक्लोव्हिर सुरू आहे. सहाव्या दिवशीच नवरा बोलायला लागला. बाकीचे दिवस घरी गोळ्या घेऊन चालेल का? (बेळगाव)

चालणार नाही. गोळीतून मेंदूत पुरेसं औषध पोचत नाही. मोठ्यांची मात्रा किलोमागं १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी शिरेतून, १४ ते २१ दिवस. ६० किलोच्या माणसाला एका वेळी ६०० मिलिग्रॅम, सलाइनमधून तासभर. घाईनं दिलं किंवा शरीरात पाणी कमी पडलं तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. म्हणून लघवी किती होते ते मोजा आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनीन तपासलं जातंय ना, हे विचारा. पाठीतल्या पाण्याचा पहिला पीसीआर निगेटिव्ह आला असता तरी औषध थांबवायचं नव्हतं. पहिल्या तीन दिवसांत तो चुकू शकतो, तीन ते सात दिवसांनी पुन्हा करतात.

घरी गेल्यावर पुढचे दोन-तीन महिने लक्ष ठेवा. झोप उडाली, संशय वाढला, तोंडाच्या विचित्र हालचाली किंवा नवे झटके सुरू झाले, तर हर्पिस परतला असंच धरून चालू नका. काही रुग्णांत मेंदूच्याच एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध, म्हणजे चेतापेशींवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाविरुद्ध, अँटिबॉडी तयार होतात. त्यासाठी पाठीतलं पाणी पुन्हा तपासावं लागतं, आणि तिथे स्टेरॉइड व इम्युनोग्लोब्युलिन खरोखर उपयोगी पडतात. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयच्या फिल्म जपून ठेवा, तेव्हा त्या मागितल्या जातील.