अविश्वसनीय की अविश्वासार्ह?

प्रश्न : अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) नुकतीच संपवली. गोष्ट सांगणारा डॉ. शेपर्ड स्वतःच खुनी निघाला! लेखिकेला दाद द्यावी की पुस्तक भिरकावून द्यावं, कळेना. अशाला 'अविश्वसनीय निवेदक' म्हणतात, असं वाचलं. शब्द बरोबर आहे का?

उत्तर : शब्दकोशाच्या हिशेबाने चूक नाही. पण आज 'अविश्वसनीय' म्हटलं की डोळ्यांपुढे सीमारेषेवर टिपलेला झेल येतो. ज्या गोष्टीवर विश्वास बसत नाही ती अविश्वसनीय. ज्या माणसावर टाकता येत नाही तो अविश्वासार्ह. समीक्षक वेन बूथ याने १९६१ साली या कल्पनेला इंग्रजीत नाव दिलं, त्याला मराठीत मी 'अविश्वासार्ह निवेदक' म्हणेन. उच्चारताना जीभ अडखळते, हे कबूल.

'बेभरवशाचा' जास्त घरगुती आहे, पण तो पावसाला शोभतो, लोकलला शोभतो. शेपर्ड तसा लहरी कुठे आहे? तो तर मिनिटांचा हिशेब देतो. पत्र आलं तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती, तो अ‍ॅक्रॉइडच्या खोलीतून निघाला तेव्हा दहा कमी. दाराच्या मुठीवर हात ठेवून मागे पाहिलं, काही करायचं राहिलं तर नाही ना असा विचार केला, हेही सांगतो. यातलं एकही अक्षर खोटं नाही! खून त्या दहा मिनिटांत झालाय, एवढंच तो गाळतो. शेवटच्या प्रकरणात वर आपल्याच वाक्यांचं कौतुक करतो : पत्राच्या त्या वाक्यानंतर फुल्यांची ओळ टाकून इथे काही गाळलंय असं सुचवलं असतं तर?

यासाठी मराठीत तयार शब्दप्रयोग आहे : हातचं राखून सांगणं. मला तर बेरजेतला हातचाच आठवतो. दहा मिनिटं हातची, आणि आपण ती मिळवायला विसरलो. मीही पहिल्यांदा चिडलो होतो. मागे जाऊन ती वाक्यं पुन्हा वाचली आणि हसू आलं. तेव्हा पुस्तक भिरकावण्याआधी तेवढं पान उघडून बघाच. समीक्षा लिहायची असेल तर 'अविश्वासार्ह', मित्राला सांगायचं असेल तर 'हातचं राखणारा'.

'निवेदका'ऐवजी काही जण 'कथक' लिहितात. लिहोत बापडे, मला घुंगरू ऐकू येतात.