घरच्या संगणकावर गायनाचे ध्वनिमुद्रण

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकते. नवा कंडेन्सर मायक्रोफोन तपकीर गल्लीतून आणलेल्या कन्व्हर्टर पिनने संगणकाच्या ३.५ मिलिमीटर सॉकेटला जोडला, पण आवाज जवळजवळ येतच नाही, नुसती खरखर येते. काय करावे? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : मायक्रोफोन बिघडला असे इतक्यात समजू नका. तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीच्या बहुतेक कंडेन्सर मायक्रोफोनना ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मायक्रोफोनच्या तारेतूनच त्याला मिळणारा वीजपुरवठा) लागते आणि संगणकाचे ते सॉकेट जेमतेम काही व्होल्ट देते, त्यामुळे पिन कितीही चांगली आणली तरी उपयोग होणार नाही. यूएसबीने जोडला जाणारा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोनचा आवाज संगणकाला समजेल अशा रूपात पोहोचवणारे छोटे उपकरण) घ्या. एकट्या गळ्यासाठी एका माइकची सोय असलेला पुरतो. त्यावरचे ४८ व्होल्टचे बटण मायक्रोफोन जोडल्यानंतरच दाबावे. गेन (मायक्रोफोनचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण) लावताना मात्र घाई नको : मंद्रातल्या आलापावर नव्हे, तर तार सप्तकातल्या सर्वांत जोरकस तानेवर तो ठरवा आणि ध्वनिमुद्रणाच्या मीटरवरील पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण ध्वनिमुद्रणातच फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही. तानपुरा हेडफोनमध्येच ऐकावा, म्हणजे तो मायक्रोफोनमध्ये शिरणार नाही. स्वतःचा आवाज कानात उशिरा पोहोचत असेल, तर इंटरफेसवरील डायरेक्ट मॉनिटर (आवाज संगणकातून न फिरवता थेट हेडफोनमध्ये देणारी सोय) सुरू करा.